मरियामातेच्या मंदिराचा रंगसेवक : यान मातेइको

पोलंडमधील क्राकोव शहराच्या मुख्य चौकात पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाला वाहिलेले मध्ययुगीन धर्मग्राममंदिर उभे आहे. त्याच्या छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे चमकतात. वेदीमंडपाच्या भिंतींवर देवदूत आहेत आणि त्यांच्या हातांतील पट्ट्यांवर लॉरेटोच्या लितानीतील मरियामातेची बिरुदे लिहिलेली आहेत. ही रंगसेवा करणारे थोर चित्रकार यान मातेइको यांचा परिचय आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

मातेइको यांचा जन्म २४ जून १८३८ रोजी क्राकोव येथे झाला. वडील चेक वंशाचे संगीतशिक्षक होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटला गेला होता. १८४८ साली ऑस्ट्रियाच्या तोफांनी आपल्या शहरावर केलेला मारा या नऊ वर्षांच्या मुलाने पाहिला. नकाशावरून पुसलेले राष्ट्र लोकांच्या स्मृतीत जिवंत ठेवणे, हेच पुढे त्यांचे जीवनकार्य झाले. येशूसंघीय धर्मगुरू पीटर स्कार्गा यांच्या प्रवचनाचे त्यांचे चित्र १८६४ मध्ये पूर्ण झाले. १८७३ पासून ते क्राकोवच्या कलाविद्यालयाचे संचालक होते. राजा सोबिएस्की यांच्या व्हिएन्ना येथील विजयाचे भव्य चित्र १८८३ साली पोप तेरावे लिओ यांना अर्पण करण्यात आले. ते आजही व्हॅटिकनमध्ये आहे.

अठराव्या शतकात क्राकोवच्या या मंदिराच्या अंतर्भागाला बरोक वळण देण्यात आले होते. वास्तुविशारद तादेउश स्त्रियेन्स्की यांच्या देखरेखीखाली त्याचे गॉथिक रूप पुन्हा साकारताना भिंतींच्या रंगकामाची जबाबदारी मातेइको यांनी स्वीकारली. १८८९ ते १८९१ या काळात ते पार पडले. विस्प्यान्स्की आणि मेहोफर हे त्यांचे तरुण शिष्य मदतीला होते; दोघेही पुढे नामवंत झाले.

मातेइको यांनी जुन्या रंगांची हुबेहूब नक्कल केली नाही. वास्तूच्या स्वभावाला अनुसरून नवी रचना केली. मात्र जुन्याचे जतन कोठे संपते आणि नवनिर्मिती कोठे सुरू होते, हा प्रश्न उरतोच. आजचे जतनतज्ज्ञ बरोक थरही सहसा हटवू देणार नाहीत. आपल्या जुन्या मंदिरांना नवा रंग देण्यापूर्वी आपणही हा विचार करावा, असे आम्हांला वाटते. भिंतीवरील प्रत्येक थर म्हणजे एका पिढीची प्रार्थना असते.

१ नोव्हेंबर १८९३ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, मातेइको यांनी क्राकोव येथे देह ठेवला. त्यांचे देवदूत मात्र आजही त्या मंदिरात मरियामातेची बिरुदे हाती धरून उभे आहेत.