कॅसिमिर आणि फिलिप्सच्या परदेशी प्रयोगशाळा

फिलिप्स हे नाव रेडिओवर आणि दिव्यावर वाचणाऱ्या कित्येकांना त्यामागील संशोधकांची नावे ठाऊक नसतात. हेंड्रिक कॅसिमिर हे त्यांतील एक अग्रगण्य नाव. १५ जुलै १९०९ रोजी हेग येथे त्यांचा जन्म झाला. लायडनला एरनफेस्ट यांचे शिष्यत्व, कोपनहेगनला नील्स बोर यांचा सहवास आणि झुरिकला पाउली यांचे साहाय्यकपद, असा योग क्वचितच कोणाला लाभला. बोर कितपत प्रसिद्ध आहेत याची परीक्षा घ्यावी म्हणून वडिलांनी केवळ बोर यांचे नाव आणि डेन्मार्क एवढ्याच पत्त्यावर मुलाला पत्र धाडले. ते बिनचूक पोहोचले, असे सांगतात.

जर्मन अमलाखाली लायडन विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले आणि १९४२ मध्ये हा सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक आइंडहोवेनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत दाखल झाला. कारखान्यात जाणे म्हणजे विज्ञानाला मुकणे, हा समज त्यांनी खोटा ठरविला. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या प्रश्नावरून पोल्डर यांच्यासह विचार करताना १९४८ मध्ये त्यांनी निर्वात पोकळीतही दोन धातूच्या पत्र्यांमध्ये आकर्षण असते, हे दाखविले. तोच कॅसिमिर परिणाम.

१९४६ मध्ये ते प्रयोगशाळेचे सहसंचालक झाले, १९५६ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. त्यांच्या कार्यकाळात इंग्लंडमध्ये रेडहिल, फ्रान्समध्ये पॅरिसजवळ लिमेल-ब्रेव्हान, जर्मनीत हॅम्बुर्ग व आखेन येथे फिलिप्सची संशोधनकेंद्रे उभी राहिली होती. त्यांतले दुखणे उघड होते. सर्व सूत्रे आइंडहोवेनने हाती घ्यावीत, तर तेथील बुद्धिमान माणसे टिकत नाहीत. मोकळे सोडावे, तर एकच प्रयोग दोन ठिकाणी होतो. शिवाय त्या त्या देशाचे सरकार आपले संरक्षणविषयक काम आपल्याच मातीतल्या प्रयोगशाळेला देणार. पूर्वसूरी गिलेस होल्स्ट यांनी घालून दिलेली रीत कॅसिमिर यांनी पुरस्कारली: माणूस हुशार निवडावा, विषयांच्या भिंती उभारू नयेत, प्रत्येक खर्चाचा हिशेब विचारू नये. ही उदारता भरभराटीच्या काळातच परवडते, हेही खरे.

१९७२ मध्ये ते निवृत्त झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप्सने संशोधनाचा बराचसा खर्च उत्पादन विभागांच्या कंत्राटांवर सोपविला. कॅसिमिर परिणामाचे नेमके मोजमाप १९९७ मध्ये अमेरिकेत झाले, तेव्हा ते हयात होते. ४ मे २००० रोजी आइंडहोवेनजवळच्या हीझ गावी त्यांचे निधन झाले.