हजेरी बंद करणारा राजा

‘हजेरी’ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो तो ७५ टक्क्यांचा. डिफॉल्टर लिस्ट लागली की हॉस्टेलवर सुतकी कळा पसरते. पण आपल्याच महाराष्ट्रात एक हजेरी अशी होती, की ती चुकली तर टर्म जायची नाही, माणूसच आत जायचा. ती हजेरी आपल्या संस्थानात बंद करणाऱ्या राजाबद्दल मला लिहायचं आहे. राजर्षी शाहू महाराजांची जयंती आपण साजरी करतो, आरक्षणावर रात्रीची चर्चा रंगली की त्यांचं नाव हमखास निघतं. हा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं आणि २ एप्रिल १८९४ रोजी, म्हणजे आपल्यातले बरेच जण ज्या वयात सेकंड इयरचे बॅक सोडवत असतात त्या वयात, राज्यकारभार हाती आला.

कारभार बघायला लागल्यावर त्यांना दिसलं की शिकायचं तर कोल्हापुरात राहायला हवं, आणि खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहायला जागाच नाही. आपण हॉस्टेलवाले हे चटकन समजू शकतो. १८९६ मध्ये त्यांनी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण ते काही सगळ्यांचं राहिलं नाही. मग १९०१ पासून एकेका समाजाचं बोर्डिंग उभं राहत गेलं : मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार हॉस्टेलं म्हणून आज कोणी नाक मुरडेल. पण ज्या पोराला दुसरीकडे पंगतीलाच बसू देत नव्हते, त्याची जेवणाची सोय आधी लागणं गरजेचं होतं, असं मला वाटतं. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागांचा हुकूम सगळ्यांना माहीत आहेच.

आता मूळ विषयाकडे येतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार, असं सरकारने कागदावर ठरवून टाकलं. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही, आईबाप कोण एवढंच बघायचं. कायद्याच्या आधीपासून आणि कायद्याबाहेरही चावडीवर हजेरी द्यायची पद्धत होतीच. पाटलासमोर उभं राहायचं, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. म्हणजे दुसऱ्या गावी मजुरी मिळत असली तरी जायची पंचाईत. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), हजेरी चुकणं हाच गुन्हा. आपल्या भाषेत सांगायचं तर सेन्सरच स्वतःचं रीडिंग तयार करत होता. जितकी हजेरी कडक, तितके गुन्हे जास्त, आणि मग ते गुन्हे दाखवून हजेरी आणखी कडक. त्यामुळे त्या काळचे गुन्ह्यांचे आकडे घेऊन या जमातींबद्दल कोणी काही सिद्ध करायला लागला, तर आधी त्याला विचारावं की यात चोऱ्या किती आणि चुकलेल्या हजेऱ्या किती?

महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. शिकारीच्या निमित्ताने रानात फिरणाऱ्या या राजाने फासेपारध्यांनाही जवळ केलं. ज्यांना लोक चोर म्हणत होते त्यांच्याच हाती पहाऱ्याचं काम दिलं. सोपी गोष्ट नव्हती ही. एक जरी चोरी झाली असती, तरी बोट राजाकडेच गेलं असतं.

आणि हे सुटं काम नव्हतं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! १९१८ मध्ये करवीरजवळच्या चिखलीपासून या शाळा सुरू झाल्या. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवलं. बापाची हजेरी चावडीतून काढली आणि पोराची शाळेत लावली, असंच मी त्याकडे बघतो.

त्याच काळात इकडे आपल्या सोलापुरात काय चाललं होतं? इथे इंग्रजांचा अंमल. गावाबाहेर तारेचं कुंपण घालून सेटलमेंट वसवलेलं. कैकाडी, पारधी, टकारी, मांगगारुडी अशा कुटुंबांना आत ठेवायचे. माणसं शहरातल्या गिरण्यांत कामाला जायची आणि पुन्हा हजेरीला कुंपणात परत. शाळा तिथेही होती, हे नाकारता येणार नाही. पण कोल्हापूरचं पोरगं शाळा सुटल्यावर घरी जायचं, आणि इथलं शाळा सुटली तरी तारेच्या आतच. मुलाला अक्षर शिकवायचं आणि त्याच वेळी तू जन्माने चोर आहेस हेही शिकवायचं, हा कसला अभ्यासक्रम? आज स्टॅंडवर रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. पुढे कुंपणाबाहेर वसलेल्या वस्तीला ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ म्हणतात. त्यातल्या ‘फ्री’चा अर्थ मला बरेच दिवस घराच्या भाड्याशी संबंधित वाटायचा, इतकं आपल्याला आपलंच गाव माहीत असतं. तिथला पत्ता सांगताना काही पोरं अजून अडखळतात.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत गेले, वयाची ४८ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने करून आणखी पक्का केला. मुंबई प्रांतात तो १९४९ मध्ये गेला, आणि देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तोवर कोल्हापूरची हजेरी बंद होऊन ३४ वर्षं झाली होती. तुरुंगाच्या रजिस्टरातला कैद्याच्या जातीचा रकाना काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.