कावसजीचे नाक आणि स्तनाची पुनर्रचना

कर्करोगामुळे स्तन काढावा लागेल असे तुम्हाला सांगितले असेल, तर नवा स्तन तयार करता येईल का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. ही पुनर्रचना ज्या युक्तीवर उभी आहे, ती जगाला कळली पुण्याजवळच्या एका बैलगाडीवाल्यामुळे.

त्याचे नाव कावसजी. नाव पारशी वाटते, पण जुन्या वृत्तांतात तो मराठा शेतकरी म्हणून नोंदलेला आहे. १७९२ च्या युद्धात तो इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिले. वर्षाहून अधिक काळ तो नाकाशिवाय वावरला. कापलेले नाक म्हणजे नुसती जखम नव्हे, चारचौघांत तोंड दाखवण्याची चोरी! स्तन गमावलेल्या स्त्रीला हे समजावून सांगावे लागत नाही.

पुण्याजवळच्या एका कुंभार वैद्याने त्याचे नाक घडवले. या वैद्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, याची खंत वाटते. त्याने मेणाचा साचा करून तो कपाळावर सपाट पसरला, त्या मापाने कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. दोन भुवयांमधला कातडीचा देठ मात्र त्याने तोडला नाही. त्यातून रक्त येत राहिले, म्हणून कातडी जगली. कातडी चिकटवायला कात वापरला. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे झोपवले आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला. क्रुसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. आपल्या वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढणारा वेल्स तो हाच. १७९४ मध्ये हा वृत्तांत लंडनच्या मासिकात आला आणि १८१४ मध्ये कार्प्यू या सर्जनने तशीच शस्त्रक्रिया तिथे केली. कावसजीचा हात मात्र परत आला नाही.

आज पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसह काखेतून पुढे आणून स्तनाचा आकार देतात, तो हाच देठ. त्यापुढची पायरी म्हणजे डीआयईपी फ्लॅप. यात ओटीपोटाची कातडी व चरबी पूर्ण सोडवून तिच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. पोटाचा स्नायू शाबूत राहतो. सिलिकॉनचे इम्प्लांट हा आणखी एक मार्ग. गाठ लहान असेल तर स्तन काढावाच लागतो असे नाही.

पुनर्रचनेमुळे कर्करोग परत येण्याची शक्यता वाढते, ही भीती मनातून काढा. मात्र नव्या स्तनाला आधीसारखी संवेदना नसते. रेडिओथेरपी लागणार असेल तर पुनर्रचना लगेच करायची की नंतर, हे कर्करोग सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघांशी बोलून ठरवा.

मिश्री लावत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप दगावू शकतो. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस नर्स रात्रीसुद्धा उठवून फ्लॅपचा रंग आणि ऊब पाहतील. त्रास वाटला तरी पाहू द्या. रक्त पोचते आहे की नाही, हे त्यावरूनच कळते.