महाराजांनी बांधलेले खांबांविना नाट्यगृह

राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की आरक्षण, वसतिगृहे आणि सक्तीचे शिक्षण आठवते. रंगभूमीसाठी त्यांनी केलेले काम मात्र कोल्हापूरबाहेर फारसे सांगितले जात नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी उस्ताद अल्लादियाँ खाँ यांना दरबारात आश्रय मिळाला. संस्थानी दरबारांत गवई असणे नवे नव्हते. नवे होते ते दरबाराची दारे ओलांडून कला बाहेर येणे. खाँसाहेबांचे शिष्य भास्करबुवा बखले आणि गोविंदराव टेंबे यांच्यामार्फत त्या गायकीचा अंश संगीत रंगभूमीवर उतरला आणि ज्याला कोणी गुरू लाभणे शक्य नव्हते, अशा श्रोत्याच्या कानी पडला.

१९०२ मध्ये महाराज युरोपला जाऊन आले. त्यानंतर खासबागेत कुस्तीचे विशाल मैदान उभे राहिले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर. संस्थानाच्या खजिन्यातून बांधलेल्या या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या नजरेआड येणारा एकही खांब ठेवलेला नव्हता. मल्ल आणि नट यांना एकाच अंगणात जागा देणारा राजा विरळाच! दोनच वर्षांनी त्याच खजिन्यातून संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रारंभ झाला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराजांच्या लोभातील कलावंतांत केशवराव भोसले अग्रणी होते. कोल्हापूरच्या गरीब घरातला हा मुलगा शाळेऐवजी नाटक कंपनीत घडला आणि १९०८ मध्ये हुबळीस ‘ललितकलादर्श’चा संस्थापक झाला. जुलै १९२१ मध्ये बालगंधर्वांसमवेत ‘संयुक्त मानापमान’ गाजवून अवघ्या तीन महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ६ मे १९२२ रोजी महाराजही मुंबईत निवर्तले.

राजाने बांधलेल्या वास्तूला स्वातंत्र्योत्तर काळात नटाचे नाव मिळाले. महापालिकेच्या ताब्यातील हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.