पहिल्या मिनिटाच्याही आधी

रुग्णालयात मूल जन्माला आले की बरोबर एका मिनिटाने त्याला दहापैकी गुण दिले जातात. पाचव्या मिनिटाला पुन्हा दिले जातात. बाळाच्या कागदपत्रांवर 'अ‍ॅपगार ८, ९' अशी नोंद असते. बऱ्याच पालकांना वाटते, हे एखाद्या तपासणीचे नाव असावे. प्रत्यक्षात ते एका डॉक्टरबाईंचे आडनाव आहे. डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांची ही गुणपद्धत आज जगभर वापरली जाते. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध फारसा कुणाला ठाऊक नाही. पन्नाशीत त्यांनी प्रसूतिगृह सोडले आणि जन्मदोष का होतात, ते आधी कळू शकतात का, पालकांना काय आणि कसे सांगावे, या प्रश्नांना वाहून घेतले. आज आपण ज्याला जनुकीय समुपदेशन म्हणतो, ते सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचवण्यात या उत्तरार्धाचा वाटा मोठा आहे.

अ‍ॅपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्टफिल्ड या गावी झाला. भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा सतत आजारी असे. वडील विमा व्यवसायात होते, पण मन रमे ते रेडिओच्या आणि आकाशनिरीक्षणाच्या प्रयोगांत. आजारपण आणि विज्ञान दोन्ही घरातच पाहिलेल्या या मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले. १९२९ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत महामंदी आली. डोक्यावर कर्ज घेऊन त्या शिकल्या आणि १९३३ मध्ये वर्गात चौथ्या आल्या.

त्यांना सर्जन व्हायचे होते. हातही चांगला होता. पण विभागप्रमुख डॉ. अ‍ॅलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेने न जाण्याचा सल्ला दिला. मंदीच्या काळात स्त्री सर्जनचा जम बसणे कठीण, हे त्यांनी पाहिले होते. शिवाय शस्त्रक्रिया पुढे न्यायची तर भूलशास्त्र सुधारायला हवे, त्यासाठी हुशार डॉक्टर लागतील, असे त्यांचे मत होते. अ‍ॅपगार यांनी ते मानले.

त्या काळी अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत भूल देण्याचे काम प्रशिक्षित परिचारिका करत. डॉक्टर त्याकडे दुय्यम काम म्हणून पाहत. अ‍ॅपगार यांनी आधी आपल्याच रुग्णालयातील भूल देणाऱ्या परिचारिकांकडे शिक्षण घेतले, मग विस्कॉन्सिनला आणि न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू रुग्णालयात पुढचे धडे गिरवले. रुग्णाच्या उशाशी बसून श्वास, नाडी, त्वचेचा रंग यांवर सतत लक्ष ठेवायचे, हेच या कामाचे मर्म. पुढे त्यांनी नवजात बाळांसाठी जी पद्धत केली तिचे मूळ या सवयीत आहे. १९३८ मध्ये त्या कोलंबियाच्या भूल विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९४९ मध्ये त्या महाविद्यालयातील पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक.

त्यानंतर त्यांनी बाळंतिणींच्या भुलीकडे लक्ष वळवले. प्रसूतिगृहात एक गोष्ट त्यांना खटकली. मूल बाहेर आले की सर्वांचे लक्ष आईकडे. वार पडली का, रक्तस्राव थांबला का, हे पाहण्यात डॉक्टर गुंतलेले. ते योग्यच होते, पण तेवढ्या वेळात बाळाकडे नीट पाहणारे कोणी नसे. निळे पडलेले, न रडणारे मूल पुष्कळदा वाचणार नाही असे समजून बाजूला ठेवले जाई.

रुग्णालयाच्या उपाहारगृहात एका विद्यार्थ्याने नवजात बाळाची अवस्था कशी ठरवावी असे विचारले आणि हाताशी आलेल्या कागदावर त्यांनी पाच मुद्दे लिहून दिले, अशी हकीकत सांगतात. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके नसतील तर शून्य, मिनिटाला शंभरहून कमी असतील तर एक, जास्त असतील तर दोन. अंग गुलाबी पण हातपाय निळे, तर रंगाचा एकच गुण. बेरीज सात किंवा अधिक असली तर बहुतेक वेळा काळजी नसते. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. यंत्र नको, रक्त काढायला नको, खर्च नाही. लागतात फक्त पाहणारे डोळे आणि घड्याळ.

त्यांचा एक आग्रह होता. ज्याने बाळंतपण केले त्याने गुण देऊ नयेत. आपल्या हातून जन्मलेल्या मुलाला दहापैकी दहा देण्याचा मोह माणसाला होतोच. म्हणून गुण दुसऱ्याने द्यावेत, आणि हे काम अनेक ठिकाणी परिचारिकेकडे आले. दिलेला आकडा सोयीचा नसेल, पण खरा असला पाहिजे, ही त्यामागची शिस्त होती.

१९५० चे दशक संपत आले तोवर अ‍ॅपगार सतरा हजारांहून अधिक बाळंतपणांना हजर राहिल्या होत्या. इतकी मुले पाहिल्यावर आपल्या पद्धतीची मर्यादाही त्यांना स्पष्ट दिसू लागली होती. हे गुण बाळाला त्या क्षणी मदत हवी की नको एवढेच सांगतात. कोणत्या मुलात व्यंग का आले, हे सांगत नाहीत. काही आजार तर पहिल्या मिनिटाला दिसतही नाहीत. फिनाइलकीटोनुरिया या आनुवंशिक आजाराचे मूल जन्मताना ठणठणीत असते, पण आहार बदलला नाही तर हळूहळू त्याच्या मेंदूला इजा होते. त्याला नऊ गुण मिळाले तरी आजार आत असतोच.

संख्याशास्त्र कच्चे आहे म्हणून अ‍ॅपगार यांनी रजा घेतली आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम सुरू केला. १९५९ मध्ये ती पदवी मिळाली तेव्हा त्या पन्नास वर्षांच्या होत्या. त्याच सुमारास 'मार्च ऑफ डाइम्स' या संस्थेने त्यांना बोलावले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध ही संस्था काढली होती. १९५५ मध्ये पोलिओची लस आली, तेव्हा संस्थेने आपला मोर्चा जन्मदोषांकडे वळवला. त्या नव्या विभागाची धुरा अ‍ॅपगार यांनी घेतली. प्राध्यापकपद सोडून त्या देशभर फिरू लागल्या.

वेळही तशीच होती. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे १९५६ मध्ये नक्की झाले. डाऊन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जास्त असते हे १९५९ मध्ये कळले. त्याआधी अशा मुलांच्या आईला घरीदारी काय काय ऐकावे लागे! तिचे वागणे, तिचे खाणे, तिच्या घराण्याचे रक्त, सगळ्यावर बोट ठेवले जाई. अनेक मुले संस्थांत पाठवली जात आणि पुन्हा त्यांचा विषयही निघत नसे. आता निदान काही प्रश्नांना तरी विज्ञान उत्तर देऊ लागले होते.

मात्र या विज्ञानाला एक काळा इतिहासही होता. वंश सुधारण्याच्या नावाखाली अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांनी सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले होते. त्यामुळे आनुवंशिकतेवर कुणी बोलू लागले की लोक धास्तावत, आणि ते साहजिक होते. 'जनुकीय समुपदेशन' हा शब्द शेल्डन रीड या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये रूढ केला तो याच पार्श्वभूमीवर. समाजाला कसली मुले हवीत हा त्यातला प्रश्न नव्हता. समोर बसलेल्या जोडप्याला काय जाणून घ्यायचे आहे, हा होता. माहिती द्यायची, धोका समजावायचा आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यायचा, ही रीत पुढे या कामाची ओळख बनली.

अ‍ॅपगार यांचा स्वभाव या कामाला साजेसा होता. भरभर बोलणाऱ्या, विनोदी, पण समोरच्याच्या भाषेत अवघड गोष्ट सांगणाऱ्या. थॅलिडोमाइड या औषधाने हातपाय नसलेली मुले जन्मल्याचे १९६१ मध्ये उघड झाले. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, मोठी साथ आली आणि सुमारे वीस हजार मुले बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयदोष घेऊन जन्मली. जन्मदोष म्हणजे नशीब, हे मानणे आता शक्य नव्हते. काही दोष आनुवंशिक असतात, काही संसर्गाने किंवा औषधाने होतात आणि त्यातले काही टाळता येतात, हे अ‍ॅपगार सभांमधून, मासिकांतून सांगत राहिल्या. रुबेलाची लस १९६९ मध्ये आली, तिचा त्यांनी पाठपुरावा केला. आई आणि बाळ यांचे ऱ्हीसस रक्तगट जुळत नसतील तर होणारा धोका वेळीच तपासावा, हेही त्या सांगत. १९७२ मध्ये जोन बेक यांच्यासह त्यांनी पालकांसाठी पुस्तक लिहिले. त्याचे नावच मुळी आई बाळंत होताच विचारते तो प्रश्न होते: माझे बाळ ठीक आहे ना? कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जन्मदोषांचे शास्त्र शिकवले आणि १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय आनुवंशिकीचे व्याख्यातेपद स्वीकारले.

याच काळात गर्भजलातील पेशींवरून गुणसूत्रे तपासणे शक्य झाले आणि पालकांशी बोलणाऱ्या प्रशिक्षित माणसांची गरज एकदम वाढली. १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेरा लॉरेन्स महाविद्यालयात जनुकीय समुपदेशकांचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. परिचारिकाही या कामात आल्या. प्रश्न विचारणे, ऐकणे, घरच्या तीन पिढ्यांची माहिती कागदावर उतरवणे, डॉक्टरांनी सांगितलेले पुन्हा सोपे करून सांगणे, हे त्या तसेही करतच होत्या.

अ‍ॅपगार यांचे कामापलीकडचे जगही भरलेले होते. त्या व्हायोलिन आणि चेलो वाजवत, स्वतः वाद्ये बनवत. रुग्णालयातील टेलिफोन बूथमधली एक लाकडी फळी व्हायोलाच्या पाठीसाठी उत्तम आहे, हे एका वाद्य बनवणाऱ्या मैत्रिणीने हेरले. रुग्णालय ती देईना, तेव्हा दोघींनी एका रात्री ती गुपचूप बदलून आणली. पन्नाशीनंतर त्या विमान चालवायलाही शिकल्या. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, ज्या रुग्णालयात उमेदीची वर्षे गेली तिथेच त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

त्यांचे गुण आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात पोहोचले. उत्तरार्धातले काम मात्र अजून अर्धेच पोहोचले आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे मूल जन्मताना गुटगुटीत असते, त्याला नऊ गुणही मिळतात. गर्भातले हिमोग्लोबिन काही महिने त्याला सांभाळते आणि मग आजार दिसू लागतो. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल आणि सिंधी, कच्छी अशा काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. वाहक स्वतः निरोगी असतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. इथेच मोठा गैरसमज होतो. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील, असे कुटुंब समजते. ते खरे नाही. प्रत्येक वेळी डाव नव्याने पडतो. आणि दोष एकट्या सुनेचा कधीच नसतो, कारण जनुक दोघांकडून येते.

हे समजावण्याची सर्वांत चांगली संधी गरोदरपणाच्या नोंदणीला बसलेल्या सिस्टरला मिळते. मागची मुले कशी आहेत, कुणाला वारंवार रक्त द्यावे लागते का, नात्यात लग्न झाले आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे प्रश्न सासूसमोर नव्हे, एकांतात विचारले तर खरी उत्तरे मिळतात. नोंदणी पहिल्या दहा आठवड्यांत झाली तरच पुढचे जमते. आईची चाचणी सदोष आली तर पतीची करायची, दोघे वाहक ठरले तर वारेच्या पेशींची तपासणी अकराव्या आठवड्यानंतर, गर्भजलाची सोळाव्याच्या सुमारास. अहवाल आल्यावर त्या जोडप्याच्या शेजारी बसणारे माणूसही लागते, आणि बहुधा ती सिस्टरच असते. गर्भजल तपासणीचा लिंगनिदानासाठी गैरवापर झाल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. हे कायदे गर्भातील आनुवंशिक आजारांच्या तपासणीला मनाई करत नाहीत. त्यासाठी नोंदणीकृत केंद्र आणि आईची लेखी संमती लागते.

खरे तर यातले बरेचसे गरोदर राहण्याआधीच व्हायला हवे. लग्न ठरतानाच किंवा मुलाचा विचार सुरू होताच दोघांची थॅलेसेमिया-सिकलसेलची रक्ततपासणी करावी. रुबेलाची लस घेतली नसेल तर गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी घ्यावी, गरोदरपणात घेता येत नाही. फॉलिक अ‍ॅसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेआधीच सुरू करावी, कारण बाळाचा मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांतच घडतो. घरात आधीचे मूल आजारी असेल, गर्भपात वारंवार झाले असतील किंवा आईचे वय पस्तिशीपुढे असेल, तर पहिल्याच भेटीत ते सिस्टरला आवर्जून सांगावे आणि समुपदेशनाबद्दल विचारावे.