तंबूतला संसार
मुंबई, प्रतिनिधी

रविवारी भल्या पहाटे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी गळ्यात दुर्बीण आणि पाठीवर पिशवी अडकवलेली मंडळी जमतात. त्यांत नवरा-बायकोच्या जोड्याही असतात. उन्हे चढली की त्या मुलुंड, घाटकोपर किंवा अंधेरीच्या आपापल्या घरी परततात. परंतु याच मुंबईतील एका जोडप्याने कधीकाळी डोंगर-जंगलांतच बिऱ्हाड थाटले होते. ते जोडपे म्हणजे ख्यातनाम पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडिलांचे छत्र फार लवकर हरपले. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भाच्याला वाढवले. सुटीत कुटुंब चेंबूरला जाई. त्या काळी ते झाडीत दडलेले खेडेच होते. तेथे पहाटे ऐकलेली दयाळ पक्ष्याची शीळ त्यांच्या आठवणीत अखेरपर्यंत राहिली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या एका चिमणीचे नाव शोधत ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले, आणि आयुष्याला दिशा मिळाली.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. तेहमिना सुखवस्तू घरातल्या. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले. ब्रह्मदेशातला धंदा बुडाला तेव्हा सलीम अलींना रिकाम्या हाताने मुंबईस परतावे लागले. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्ग विभागात त्यांना नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रा. एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. परंतु १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो निधीअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! मुंबईत घर चालवणे परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. त्याच पावसाळ्यात सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा गाजलेला अभ्यास केला.

पुढे काय, हा प्रश्न मात्र उभाच होता. या सुशिक्षित बेकाराने मग एक जगावेगळा मार्ग काढला. त्या काळी अनेक संस्थानांतील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध नोंदच झालेली नव्हती. संस्थानिकांनी प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण पाहणी विनावेतन करू, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. पगार नाही, कायमचे घर नाही, पुढची शाश्वती नाही. चाळिशीकडे झुकलेल्या कोणत्याही गृहस्थाला घरातून विरोध व्हावा, अशीच ही योजना होती. तेहमिनांनी विरोध तर केला नाहीच, उलट त्या स्वतःच सोबत निघाल्या.

१९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. जानेवारी १९३३ मध्ये त्रावणकोर व कोचीनची मोहीम सुरू झाली आणि बिऱ्हाड सह्याद्रीच्या सर्वांत उंच भागात पोहोचले. हिमालयाच्या दक्षिणेकडील सर्वोच्च शिखर, २,६९५ मीटर उंचीचे अनाईमुडी, याच परिसरात आहे. मरयूर, मुन्नार, पेरियारचे खोरे, थट्टेकाड, कुरियारकुट्टी असे मुक्काम पडत गेले. आज येथे, उद्या तेथे. कधी तंबू, कधी वनखात्याचे छोटेसे विश्रामगृह.

तांबडे फुटण्याआधी सलीम अली जंगलात शिरत. मग टिपलेल्या पक्ष्यांची कातडी काढून, आत कापूस भरून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून ठेवायची आणि नोंदी लिहून काढायच्या, हे काम उरे. मुक्कामाची सारी व्यवस्था तेहमिनांकडे असे. त्यांना इंग्रजी साहित्याची उत्तम जाण होती. सलीम अलींच्या इंग्रजीला पुढे जो सुबकपणा आला, त्यात पत्नीच्या सहवासाचा मोठा वाटा होता.

१९३४ नंतर हे कुटुंब डेहराडूनला राहू लागले. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिनांचे निधन झाले. वीस वर्षांचा हा संसार असा अचानक संपला. त्यांना मूलबाळ नव्हते. खचलेले सलीम अली मुंबईला बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी परतले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. घराघरांत पोहोचलेले ते पुस्तक तेहमिनांना मात्र पाहता आले नाही.

१९४५ मध्ये ते कैलास-मानसरोवरच्या यात्रेला गेले. यात्रा होती ती पक्ष्यांसाठी. साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवरचे ते सरोवर त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना गाठले. रानावनातल्या मुक्कामाची जुनी सोबतीण या वेळी बरोबर नव्हती.

पुढे एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९८७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या थट्टेकाडला या दांपत्याचा मुक्काम पडला होता, ते आज सलीम अलींच्या नावाने पक्षी अभयारण्य म्हणून ओळखले जाते.

२००९ मध्ये केरळातील पक्षीनिरीक्षकांनी १९३३ च्या मोहिमेचा मार्ग पुन्हा पायाखाली घातला. पाऊण शतकात कोणते पक्षी टिकले आणि कोणते दिसेनासे झाले, हे ताडून पाहण्यासाठी त्यांच्या हाती त्या मोहिमेतल्या नोंदी होत्या. त्या नोंदींवर नाव सलीम अलींचे आहे. पण ज्या मुक्कामी त्या लिहिल्या गेल्या, तो उभा ठेवणारे हात तेहमिनांचे होते.