आजोळचा डोंगर

आमच्या महिला मंडळाची सहल सागरेश्वरला गेली होती तेव्हाची गोष्ट. डबे, सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या असा सगळा लवाजमा घेऊन आम्ही गेटपाशी उतरलो. एकीने पाटी मोठ्याने वाचली, ‘यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य’. लगेच दुसरीने विचारलं, साहेबांचं नाव कॉलेजला, सभागृहाला ठीक आहे हो ताई, पण हरणांच्या जंगलाला कशाला? मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढून बसले, तेव्हा उलगडा झाला.

मैत्रिणींनो, हा डोंगर यशवंतरावांच्या आजोळचा. सागरेश्वरच्या पायथ्याचं देवराष्ट्रे हे त्यांच्या आईचं, विठाईंचं माहेर. १२ मार्च १९१३ रोजी तिथेच त्यांचा जन्म झाला. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील प्लेगने लवकर गेले. विठाईंनी कऱ्हाडात राहून काबाडकष्ट करून मुलांना वाढवलं. स्वतः निरक्षर, पण मुलांनी शिकावं ही जिद्द. आजोळचा सोनहिरा ओढा, सागरोबाचा डोंगर, तिथली जुनी देवळं यांची ओढ यशवंतरावांना शेवटपर्यंत राहिली. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात हे सगळं येतं.

१९३२ साली झेंडा लावल्याबद्दल कोवळ्या वयात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मुलाने माफी मागितली तर सुटेल, असं विठाईंना कुणीतरी सुचवलं. त्या माउलीने ते साफ नाकारलं. पुढे जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत चळवळ पेटली. नवरा भूमिगत आणि नव्या नवरीच्या वाट्याला तुरुंग! हळदीचा रंग उतरायच्या आत असं दिव्य करणाऱ्या वेणूताईंबद्दल आपण फार कमी बोलतो.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव पहिले मुख्यमंत्री. १९६२ मध्ये चीनचं आक्रमण झालं आणि ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. साखर कारखाने, सहकार, पंचायत राज, कोयनेची वीज, आपल्या भागात जे काही आलं त्यावर त्यांचा ठसा आहे. पण खरं सांगायचं तर या विकासाची किंमतही कुणीतरी मोजली. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली, लेकीबाळींची माहेरं बुडाली. धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा लढा पुढे कित्येक दशकं चालला.

इकडे सागरोबाचा डोंगर मात्र उघडाबोडका झाला होता. चुलीला सरपण हवं, शेळ्यामेंढ्यांना चारा हवा. कुऱ्हाड आणि चराई यांत झाडोरा संपला. झाड गेलं की पावसाचं पाणी माती घेऊन धावत सुटतं, आणि मागे उरतो नुसता खडक. त्यात बारमाही पाणीही नाही.

हा डोंगर पुन्हा हिरवा करायचा ध्यास घेतला तो वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चराई थांबली, तोड थांबली, रोपं लागली, कुंपण पडलं. गवत आलं की माती थांबते, माती थांबली की पाणी मुरतं. पाखरं येतात आणि त्यांच्या विष्ठेतून बोर-जांभळाच्या बिया रुजतात. मग चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले. १९८५ मध्ये सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या डोंगराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. अख्खं जंगल माणसांनी परत उभं केलेलं!

पण यशवंतराव तेव्हा नव्हते. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या, पोटी मूलबाळ नव्हतं, ते एकाकी झाले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. आजोळच्या डोंगराला अभयारण्य म्हणून मिळालेला मान काही त्यांना पाहता आला नाही.

त्याच १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्यंही झाली. २०१० पासून ती सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. माणसं उठून गेली तिथल्या शेतांवरही आता रान चढलंय. ते बघताना आनंद होतो आणि पोटात कालवतंही. रान परत येतं तेव्हा कुणाचं तरी घर मागे सरकलेलं असतं. सागरेश्वरलाही चराई थांबली म्हणजे कुणातरी बाईची शेळी थांबली, आणि शेळी म्हणजे गरीब बाईची बँकच की! आज हरणं कुंपणाबाहेर येऊन पिकं खातात, तेव्हा रात्रीची राखण शेतकऱ्याच्या घरालाच करावी लागते. म्हणून नुकसानभरपाई वेळेवर मिळायला हवी, कुंपण नीट हवं, आणि ग्रामसभेत हे विषय बायकांनीच मांडायला हवेत. पायथ्याची घरं समाधानी असतील तरच वरचं जंगल टिकेल.

आणखी एक. आपल्याकडे उन्हाळा लागला की डोंगर पेटवतात. नवं गवत चांगलं येतं अशी समजूत. त्या एका काडीत अण्णांसारख्या माणसाची वर्षानुवर्षांची मेहनत जळते, पाखरांची घरटी जळतात. आपल्या घरातलं कुणी काडीपेटी घेऊन डोंगराकडे निघालं, तर त्याला उंबऱ्यातच अडवणं आपल्या हातात आहे.

त्या मैत्रिणीला आता माझं उत्तर तयार आहे. माणूस कितीही मोठा झाला तरी आजोळचा नातूच असतो. दिल्ली गाजवलेल्या नातवाचं नाव आजोळच्या डोंगराला दिलं, यात नवल ते काय?